मैत्रीवर हिवाळा काढल्यावर: सामानातलं काय टिकलं, काय फसलं

अंटार्क्टिकात मैत्री किंवा भारती या भारताच्या संशोधन केंद्रांवर हिवाळ्याला राहणाऱ्यांना बाहेरचा जाड पोलर सूट आणि बूट मोहिमेकडूनच मिळतात. ते दणकट असतात. स्वतःचे पैसे घालायचे ते अंगालगतच्या थरांवर, कारण आधी दगा देतात ते हेच.

इनर मेरिनो लोकरीचे घ्या, 200 ते 250 जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन), चार जोड. सलग काही दिवस घातले तरी वास धरत नाहीत. पाणी जपून वापरायच्या जागी हे मोलाचं. काखेत आणि मांड्यांत मात्र झिजतात, म्हणून सुई-दोरा हवाच. पॉलिएस्टरचे इनर जास्त टिकतात, पण लवकर घाण वास मारतात आणि तिथल्या कोरड्या हवेत काढताना चटचट ठिणग्या उडतात. सुती बनियन अजिबात नको. बर्फ उपसताना आलेला घाम त्यात मुरतो आणि हात थांबले की अंगावर गार पडतो.

बुटाचं माप देताना एक नंबर मोठं द्या. आत पातळ मोजा, वर जाड लोकरी, बस्स. तिसरा कोंबला की उलट पाय जास्त गारठतात: रक्त अडतं आणि ऊब धरणारी हवा दबून जाते. फेल्टचं अस्तर रोज रात्री बाहेर काढून वाळवायचं. याचा कंटाळा केला तर दोन-तीन दिवसांत आतल्या दमटपणाने पाय ओलेच राहतात.

पातळ हातमोजे किमान सहा जोड लागतात. नट-बोल्ट आणि केबल हाताळताना बोटांची टोकं फाटतात. वरच्या मिटन्सना (चार बोटं एकत्र राहणाऱ्या जाड हातमोज्यांना) दोरी लावून ती बाह्यांतून ओवून घ्या, नाहीतर वाऱ्यात एक गेला की गेलाच. झिपच्या इवल्याशा पट्ट्यांनाही दोरीचे फास बांधा.

गॉगलला दोन काचा हव्यात. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेव्हा गडद. मैत्रीवरच्या जवळपास दोन महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीत मात्र उडत्या बर्फापासून डोळे वाचवायला पारदर्शक. काच धुरकटते ती बहुधा माकडटोपीमुळे: नाकावर घट्ट ओढली की श्वास सरळ वर जातो.

हेडलॅम्पचा बॅटरी-डबा वायरने वेगळा, कोटाच्या आत राहील असा निवडा. साध्या अल्कलाइन सेलपेक्षा लिथियमचे एकदा वापरायचे सेल थंडीत कितीतरी सरस. गारठलेली पॉवर बँक आत आणल्याबरोबर चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्याने लिथियम-आयन सेल कायमचा बिघडतो. कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, आत आल्यावर तो कोमट होईपर्यंत पिशवी उघडू नका.

बांधाबांध करताना थर्मोकोलचे मणी वापरू नका, माद्रिद प्रोटोकॉल या अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाच्या कराराने त्यांना तिथे बंदी आहे. जुन्या बॅगांचे वेल्क्रो, खिसे आणि बुटांचे तळवे व्हॅक्यूमने साफ करा. गवताचं बी तिथेच अडकतं, आणि बाहेरचं बी अंटार्क्टिकात पोचायला नको. जहाजाचं सामान मागाहून पोचतं, त्यामुळे औषधं, दोन जोड इनर आणि जादा चष्मा विमानाच्या बॅगेतच. चष्म्याची फ्रेम प्लास्टिकची, धातूची कानशिलांना झोंबते.