होडी ओढायला काय जुंपावं: उंच केलेली पिकअप, मूळ टायरवरची पिकअप की ट्रॅक्टर?

हिडकल धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीची होडी न्यायची असो, की जुलै-ऑगस्टात दूधगंगा-वेदगंगा पात्राबाहेर आल्यावर भोज, कारदगा, यडूर, कल्लोळकडे बचावाची बोट पोहोचवायची असो, ट्रेलर ओढायला काय घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं. गावात कुणाकडे तरी लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) मारलेली, ३३ इंची टायरची फोर बाय फोर असतेच आणि सगळ्यांची नजर आधी तिच्याकडे जाते. दिसायला तीच सगळ्यात लायक वाटते. पण गाडी उंच केल्याने मिळतं ते तिच्या पोटाखालचं अंतर. ओढण्याच्या कामाला लागतात गिअर, ब्रेक आणि जमिनीलगतचा हुक, आणि उंची वाढवताना नेमक्या याच तीन गोष्टींना कात्री लागते.

आधी वजन मोजू. १४ फुटी उघडी फायबरची होडी १५० ते २५० किलो, २५ एचपीचं आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं) इंजिन ५० किलोच्या आसपास, लोखंडी ट्रेलर २०० ते ३००. त्यात इंधनाची टाकी, नांगर, दोर, जॅकेटं. सगळं धरून ६०० किलो समजा. कारखान्याला उसाच्या दोन ट्रॉल्या नेणाऱ्याला हे वजन हसण्यावारी वाटेल. पण अशा ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, आणि सगळी गोम तिथे आहे.

मोठ्या टायरचा हिशोब

मूळ टायर २३५/७५ आर १५ असेल तर त्याचा व्यास ७३३ मिलिमीटर भरतो. ३१ इंची टायरचा ७८७, ३३ इंचीचा ८३८. म्हणजे ३१ ला साधारण ७ टक्के आणि ३३ ला १४ टक्के वाढ. क्राउन-पिनियन (धुऱ्यातला शेवटचा गिअर) ४.३ गुणोत्तराचं असेल तर ३३ इंची टायरवर ते ३.७६ असल्यासारखं वागतं. मूळ ताकद परत हवी तर ४.९ चं क्राउन-पिनियन लागेल, आणि आपल्याकडच्या पिकअपना ते सहज मिळत नाही. मग दुसऱ्या गिअरचा चढ पहिल्यावर जातो, आणि पहिल्याचा चढ क्लचवर. सावंतवाडीहून होडी भरून आंबोली घाट चढताना, किंवा गोव्याकडून चोर्ल्याच्या वळणांवर समोर एसटी आल्यावर थांबून पुन्हा उचलताना क्लच प्लेटचा वास येतो तो यामुळेच. लो गिअर आहे म्हणून डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लो टाकू नये. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाकं वळणावर वेगळा वेग मागतात, तो त्यांना मिळत नाही, आणि ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि शाफ्टवर येतो. लो गिअर चिखलात, वाळूत आणि पाण्याच्या काठावर वापरायचा.

वेगाचा काटाही फसवतो. तो मूळ टायरवर बरोबर असेल, तर ३३ इंचीवर ६० दाखवताना खरा वेग ६८ च्या घरात असतो.

ब्रेकचं गणित जास्त गंभीर आहे. डिस्क, पॅड, पेडलवरचा पाय सगळं तेच, पण चाकाची त्रिज्या वाढल्याने त्याच दाबाला रस्त्यावर मिळणारी अडवणूक १२-१३ टक्क्यांनी घटते. इंजिन ब्रेकिंगही त्याच गिअरमध्ये तेवढंच कमी होतं. वर टायर-रिम जड, म्हणून फिरतं चाक थांबवायला जास्त जोर. संकेश्वरकडून निपाणीला येताना तवंदी घाटाच्या उतारावर हे सगळं एकत्र भोवतं: मागून ६०० किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर रेटतोय, रस्ता ओला, आणि चालक मूळ गाडीच्या अंदाजाने ब्रेक मारतोय. तिथे उतार सुरू होण्याआधीच एक गिअर खाली यावं. मूळ टायरवरची पिकअप इथे सरळ सरस ठरते, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

हुकाची उंची

५० मिलिमीटरच्या बॉलवर (गाडीमागच्या हुकाच्या गोळ्यावर) चालणारे ट्रेलर साधारण ३५० ते ४२० मिलिमीटर उंचीच्या बॉलवर आडवे राहतात. मूळ पिकअपला बॉल ४२० वर बसवला आहे असं धरा. ४ इंच लिफ्टचे १०० मिलिमीटर आणि ३३ इंची टायरचे आणखी ५२ मिळवले की बॉल ५७० च्या वर जातो. ट्रेलरचं तोंड आभाळाकडे होतं आणि ढुंगण खाली. बॉलपासून धुरा ४ मीटरवर आणि होडीची मागची फळी धुऱ्यामागे १.८ मीटरवर असेल, तर ती फळी जवळजवळ ७ सेंटिमीटर खाली येते. पाणंदीत, गतिरोधकावर आणि कालव्याच्या चढणीवर आउटबोर्डची फिन घासते ती अशी.

उपाय सोपा दिसतो: १५० मिलिमीटर खाली उतरणारी ड्रॉप प्लेट. ती लावावीच. पण प्लेट जितकी लांब तितका ब्रेक मारताना हुकाच्या बोल्टांवर पीळ जास्त. चार मिमीच्या पत्र्यावर बाजारातून वेल्डिंग मारून आणलेली प्लेट या कामाची नाही. १० मिमी जाड प्लेट, आधाराच्या तिरक्या पट्ट्या आणि थेट चेसीला बोल्ट हवेत. बंपरला बांधलेला हुक तर मुळीच नको.

बॉलवर पडणारा भार एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ठेवावा, म्हणजे ६०० ला ६० किलो. घरातला वजनकाटा घ्या, त्यावर बॉलच्या उंचीएवढा ठोकळा ठेवा, ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा आणि आकडा वाचा. कमी भरलं तर टाकी आणि नांगर पुढे सरकवा. भार कमी असला की ट्रेलर ५० च्या वर शेपटी हलवायला लागतो, आणि उंच गाडीवर, उंच बाजूच्या टायरवर ती हालचाल जास्त जाणवते. असं झालं तर करकचून ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

पावसाळ्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. ४ चौरस मीटरच्या उघड्या होडीत १२ मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ ५० लिटर पाणी. तोंड वर असेल तर ते सगळं मागे जमतं, आणि धुऱ्यामागे दीड मीटरवर साठलेलं ५० किलो पाणी बॉलवरचे १९ किलो उचलून घेतं. साठातले एकोणीस गेले! म्हणून रस्त्यावर असताना होडीचं तळाचं बूच काढलेलं असावं आणि ते स्टेअरिंगला दोरीने बांधावं, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी लावायचं राहत नाही.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ब्लॉक घालून उंची वाढवली असेल, तर ओढताना धुरा पीळ खातो आणि यू बोल्ट सैल पडतात. ५०० किलोमीटरला ते पुन्हा आवळावे. गाडी उचलताना थरथर जाणवली तर शाफ्टचा कोन बिघडलाय, क्रॉस (शाफ्टचा सांधा) तपासा.

काठावर आणि चिखलात

इथे उंच गाडीची बाजू येते. हिडकलचं पाणी उन्हाळ्यात मागे हटतं तेव्हा उतरंड नसलेल्या, दगड-गाळाच्या काठावरून खाली जावं लागतं. तिथे पोट न घासणं, सायलेन्सर पाण्याबाहेर राहणं याला किंमत आहे. खानापूरच्या तांबड्या, खडकाळ मातीतही मड टायर चांगली पकड घेतो. पण चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या रानात पाच मिनिटांत त्याच टायरच्या खाचा भरतात आणि चाक गुळगुळीत गोळा होऊन फिरत राहतं. रुंद टायर वर तरंगतो, खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचत नाही. अशा जमिनीत ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचे उंच, विरळ दातच माती झटकतात.

शिवाय काठावर गाडी पाण्यात घालायची गरजच बहुतेकदा नसते. गाडी कोरड्यावर उभी करून चाकांना ठोकळे लावा, १० मीटर लांबीचा जाड दोर ट्रेलरच्या तोंडाला आणि गाडीच्या हुकाला बांधा, मगच ट्रेलर हुकावरून काढा, त्याच्या पुढच्या छोट्या चाकाखाली फळी टाका आणि ट्रेलर हळूहळू खाली सोडा. बाहेर काढताना त्याच दोरावर लो गिअरमध्ये ओढा. दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. एवढं केलं की मूळ पिकअपचंही काम भागतं.

आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना उंच गाडीचा मोह पूर्ण टाळा. वाहतं पाणी ३० सेंटिमीटरला छोटी गाडी तरंगवतं, ६० ला बहुतेक गाड्या. मोठा टायर म्हणजे मोठा हवेचा फुगा, तो गाडी आणखी हलकी करतो. त्यात मागची होडी ट्रेलरसकट तरंगू लागते आणि प्रवाह तिला धरून गाडीचं ढुंगण बाजूला ओढतो. होडी काठावरच पाण्यात सोडायची, पलीकडे तीच जाणार.

ट्रॅक्टर

४५-५० एचपीचा ट्रॅक्टर ६०० किलो ओढतोय हे त्याला कळतही नाही. पुराच्या दिवसांत ऊसतोड नसते, त्यामुळे तो उपलब्ध असतो, आणि ट्रॉली उलटी मागे घेणारे हात गावोगाव आहेत. पिकअपवाल्यांत ते कमीच. दोष दोन. ट्रॅक्टरचा पिन ट्रेलरच्या कडीत ढिला बसतो, आदळआपट होते आणि होडीच्या इंजिनाचे क्लॅम्प सैल पडतात. पिनच्या मापाची बुश घाला, इंजिन वेगळ्या पट्ट्याने बांधा. दुसरा दोष वेग: ताशी ३० च्या आत. निपाणीहून भोजला ठीक, हिडकलहून यडूरला कंटाळवाणं, मालवणहून आणायला अशक्य.

कागदपत्रं

ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते. गाडीत केलेले बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये येतात. मूळ बांधणीत मनाने केलेला फेरफार अपघातानंतर विम्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. हद्द ओलांडून कोल्हापूर किंवा गोव्यात जायचं असेल तर दोन राज्यांचे तपासनीस भेटणार, हेही धरून चाला.

मग निवड कशी

होडी नदीकाठच्या गावातच राहणार असेल आणि १५-२० किलोमीटरच्या आत हलणार असेल, तर ट्रॅक्टर. नवी गाडी घेऊच नका. वर्षातून काही वेळा घाट, हायवे आणि धरण असा प्रवास असेल तर मूळ टायरवरची फोर बाय फोर पिकअप. ती नवीन घ्यायची आणि मग उंच करायची, असा बेत असेल तर २ इंच लिफ्ट आणि ३१ इंची टायरवर थांबा. त्यात हुक ७७ मिलिमीटरच वर जातो आणि गिअरचं नुकसान क्लच सोसतो. ३३ इंची गाडी आधीच दारात असेल तर ती फक्त काठावरच्या शेवटच्या टप्प्याला लावा. मोठी ड्रॉप प्लेट, ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला रेटू लागला की आपोआप लागणारा) आणि ५० चा वेग, हे तिन्ही जमल्याशिवाय तिला घाटात नेऊ नये.

काहीही जुंपलं तरी ट्रेलरची चाकं सारखीच जपावी लागतात. १२ इंची छोटं चाक गाडीच्या चाकापेक्षा जास्त फेरे घेतं, बेअरिंग तापतं. तसंच तापलेलं हब थंड पाण्यात गेलं की आत पाणी ओढलं जातं आणि ग्रीसचं दुधाळ पाणी होतं. काठावर पोहोचल्यावर अर्धा तास थांबा, हबला हात लावून पाहा, दिव्यांचा प्लग काढा, मगच ट्रेलर पाण्यात सोडा. सोबत एक स्टेपनी, ट्रेलरच्या नटांना बसणारा पाना आणि एक बेअरिंग सेट ठेवा, कारण गाडीचा जॅक-पाना ट्रेलरला बसेलच असं नाही.