घरगुती कसोटी किट: बावनकशी पारखायला कितपत पुरतं?

नाणावलेला वकील, बावनकशी गायक, शंभर नंबरी माणूस, वजनदार असामी. बड्या लोकांसाठी आपण वापरतो ते हे शब्द मुळात पेढीवरचे. नाणं पारखून घेणं म्हणजे नाणावणं, दगडावर उमटलेली सोन्याची रेघ म्हणजे कस, शंभर टंचाचं, म्हणजे शंभर टक्के शुद्ध, सोनं म्हणजे शंभर नंबरी, आणि असामी म्हणजे वहीत जिच्या नावाचं खातं असतं ती. गोव्यात सोनाराला आजही ‘शेट’ म्हणूनच हाक मारतात. इतरत्र तोच शब्द पैसेवाल्या मालकाला चिकटला. ज्या दगडापाशी यातले निम्मे शब्द जन्मले, तो आता ऍसिडच्या बाटल्यांसह कुरियरने घरपोच मिळतो. जुन्या पाटल्या किंवा गळसरी मोडीत घालण्याआधी घरीच पारखावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे परीक्षण.

किटमध्ये सहसा काळा दगड, १०, १४, १८ आणि २२ कॅरेटच्या ऍसिडच्या बाटल्या आणि टोकाला ठरावीक कॅरेटचं सोनं लावलेल्या सुया असतात. सुया नसलेलं स्वस्त किट घेऊ नका. ऍसिड बिघडलंय की सोनं हलकं आहे, हे सुईशिवाय कळतच नाही. बरीच किट परदेशी बाजारासाठी, म्हणजे १४ आणि १८ कॅरेट डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात. आपल्याकडचे दागिने बहुतांशी २२ कॅरेटचे, त्यामुळे २२ची बाटली आणि २२ची सुई आहे ना, हे आधी पाहा. २०ची सुई मिळाली तर उत्तमच.

दागिन्याची आतली, न दिसणारी कड निवडा आणि बारीक कानशीने तिथे हलकी खाच पाडा. मुलामा दिलेल्या दागिन्यावर वरवर घासलं तर रेघ मुलाम्याचीच उठते, आणि या किटवर सर्वांत जास्त फसगत होते ती इथेच. खाचेची जागा दगडावर दाबून दोन-तीन सेंटिमीटर लांब, भरगच्च रेघ ओढा. तिला खेटून, तेवढीच जाड, २२च्या सुईची रेघ ओढा. मग २२च्या ऍसिडचा थेंब असा फिरवा की दोन्ही रेघा एकदमच ओल्या होतील. नजर दोन्हींवर ठेवा: दागिन्याची रेघ आधी फिकट पडली किंवा नाहीशी झाली तर सोनं २२च्या खाली. मग नवी रेघ ओढून १८चं ऍसिड लावा. सुईची रेघही लगेच उडाली तर ऍसिड बाद समजा. रेघ एक जाड, एक पातळ असेल तर पातळ रेघ आधी विरणारच आणि चांगलं सोनं विनाकारण बदनाम होईल.

रंगावर विसंबू नका. चांदीचा भाग जास्त असेल तर रेघ हिरवट दिसते, तांब्याचा असेल तर लालसर, कॅरेट एकच असलं तरी. डाख दिलेल्या सांध्याजवळ घासू नका, कारण डाखाचं सोनं बहुधा कमी कॅरेटचं असतं. लाखेने भरलेल्या पोकळ गोठाचा पत्रा पातळ असतो, तिथे कानस चालवणं म्हणजे नुकसानच. आणि आत दुसरा धातू भरलेला असेल तर दगडाला काहीच कळत नाही. टंग्स्टनची घनता शुद्ध सोन्याइतकीच, सुमारे १९.३, त्यामुळे वजनानेही ती लबाडी पकडणं अवघड. सराफाच्या दुकानातलं एक्स-रे कॅरेटमीटरसुद्धा वरचा पातळ थरच वाचतं.

गोव्याच्या हवेत या किटचा खरा शत्रू म्हणजे दमट पावसाळा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ऍसिडचं मिश्रण मुळातच टिकाऊ नसतं. बाटलीतून वायू निघत राहतो, झाकण सैल पडतं, जोर उतरतो आणि शेजारच्या लोखंडी चिमट्या गंजतात. बाटल्या वेगळ्या डब्यात, कपाटाबाहेर, मुलांच्या हाताला न लागतील अशा ठेवा. काम खिडकी उघडी ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. नायट्रिकचा थेंब त्वचेवर पडला तर पिवळा डाग पडतो आणि तो कित्येक दिवस जात नाही.

आमचं मत असं: शंकास्पद माल वेगळा काढायला हे किट चांगलं, भाव ठरवायला अजिबात नाही. सरावलेल्या हातालाही एखाद्या कॅरेटचा फरक सहज चकवतो, आणि दहा तोळ्यांत एक कॅरेट म्हणजे चार ते पाच ग्रॅम शुद्ध सोनं. एवढा माल असेल तर बीआयएसमान्य (भारतीय मानक ब्यूरोने मान्यता दिलेल्या) तपासणी केंद्रात जा. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर प्रत्येकी ४५ रुपये, वर जीएसटी. वाद असेल तर अग्निपरीक्षा करायला सांगा: नमुन्यात चांदी घालून, शिशात गुंडाळून भट्टीत तापवतात, मग नायट्रिकमध्ये चांदी विरघळवून उरलेलं सोनं तोलतात. नमुना मोडावा लागतो, पण तिचा आकडा हजारात एक-दोन भागांपर्यंत नेमका येतो. दागिना नवा असेल तर किटची गरजच नाही. बीआयएसचं चिन्ह, ‘२२के९१६’ (२२ कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, पाहा आणि तो बीआयएस केअर ऍपमध्ये घालून ताडून बघा.

काम झाल्यावर दगड भरपूर पाण्याने धुऊन बारीक ओल्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर जुनी रेघ पुढच्या कसात मिसळते. सांडलेल्या ऍसिडवर फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा टाका आणि मगच पाणी ओता. विहिरीकडे जाणाऱ्या गटारात मात्र नको.