दुसरीच्या वर्गासाठी डायरी की व्हॉट्सॲप ग्रुप?

ऐरोलीतल्या एका मैत्रिणीला यंदा दुसरीचा वर्ग मिळालाय. पालकांना कळवायचं कसं, डायरीतून की ग्रुपवर, यावर तिचं अडलंय.

खर्च पाहिला तर ग्रुप फुकट, पण फक्त शिक्षिकेला. घरात एकच फोन आणि तो बाबांसोबत रबाळे एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलेला असेल, तर 'उद्या रंगपेटी आणा' हा निरोप रात्री बाराला घरी पोचतो. डायरी मुलाच्या दप्तरातूनच येते.

वेग मात्र ग्रुपचाच. जुलैत रुळांवर पाणी साचून सकाळी सहाला सुट्टी जाहीर झाली, तर डायरी काय कामाची?

टिकण्याचं म्हणाल, तर जूनमधली नोंद दिवाळीनंतरही डायरीत सापडते, शिवाय पालकांच्या सहीसकट. ग्रुपवर ती 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडली जाते. त्यावर उपाय आहे: सेटिंगमध्ये जाऊन संदेश पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनला ठेवायची. हे पहिल्याच दिवशी करावं, नंतर केलं की लोक रुसतात.

मेहनत डायरीत जास्त. चाळीस मुलं फळ्यावरून उतरवून घेणार, त्यातली निम्मी अर्धवट. चार ओळींची छापील चिठ्ठी चिकटवली की भागतं.

तेव्हा सुट्टी, बस, वेळेतला बदल यांसाठी ग्रुप. या आठवड्यात हातच्याची वजाबाकी चालू आहे, घरी काय विचारावं, हे डायरीत. आणि एखादं मूल वाचनात मागे पडत असेल, तर दोन्ही नकोत. सरळ फोन करावा.