सांधा लॉक करायचा तर दाते की घर्षण?
रोबोटचा हात किंवा गुडघ्याचा ब्रेस (पायाला बांधायचा आधार) यांतला मोकळा फिरणारा सांधा जागच्या जागी अडकवायला दातेरी लॉक भक्कम. दाते एकमेकांत बसले की छोटं लॉकही मोठा भार पेलतं. पण चाकाला 24 दाते असतील तर सांधा दर 15 अंशांनीच थांबणार, अधेमधे नाही. शिवाय भार असताना सोडवायला जावं तर दाते रुतून बसलेले असतात. खरा त्रास हाच.

घर्षणाचा ब्रेक चकती दाबून सांधा कुठल्याही कोनात धरतो आणि भार फार झाला तर घसरून गिअर वाचवतो. चकतीला तेल लागलं की मात्र पकड गेलीच. रोबोटच्या हातासाठी मी स्प्रिंगने दाबलेला ब्रेकच घेईन: वीज त्याला सोडवून धरते, ती गेली की तो आपोआप लागतो. माणसाचं वजन पेलणाऱ्या गुडघ्याच्या ब्रेसला मात्र दातेच हवेत, तिथे घसरणं परवडत नाही.