परसातली मिरची: खरडा, रंजका की वर्षाची चटणी?

दिवाळी सरली की बेळगाव भागातल्या परसात मिरचीची झाडं दुरंगी दिसायला लागतात. खालच्या फांद्यांवर पिकून लाल झालेल्या मिरच्या, वर अजून हिरव्या, शेंड्याला पांढरी फुलं. रोजच्या फोडणीला दोन-चार तोडल्या तरी झाड थांबत नाही, उलट तोडावं तसं जास्त धरतं. मग उरलेल्या मिरचीचं काय करायचं हे ठरवावंच लागतं.

वाटा तीन आहेत. हिरवी असतानाच तोडून खरडा करायचा. झाडावर पिकू देऊन ओल्या लाल मिरचीचा मीठ-लिंबातला रंजका घालायचा. नाहीतर लाल मिरची उन्हात वाळवून वर्षाच्या कांदा-लसूण चटणीला लावायची. निपाणीपासून खानापुरापर्यंत तिन्ही गोष्टी घरोघरी होतात, पण लहान परसाला तिन्ही सारख्या परवडत नाहीत.

माझं मत आधीच सांगते. बारा-पंधरा झाडं किंवा गच्चीवरच्या कुंड्या एवढाच पसारा असेल, तर मिरची वाळवायच्या मागे लागू नका. रंजका घाला आणि अधूनमधून खरडा करा. वाळलेली उत्तम मिरची संकेश्वर-गडहिंग्लज पट्ट्यात विकत मिळते. झाडावर पूर्ण पिकलेली, त्याच सकाळी तोडलेली, हिरवं ताठ देठ असलेली ओली लाल मिरची मात्र बाजारात सहसा मिळत नाही. पोत्यात एक-दोन दिवस राहिली की ओल्या मिरचीचं देठ मऊ पडतं आणि तिथूनच ती नासायला लागते. परस असण्याचा खरा फायदा या ताजेपणात आहे.

आधी झाड कोणतं आहे ते बघा

आपल्या भागात जवारी, म्हणजे गावरान, म्हटली की संकेश्वरी. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरचं नाव तिला लागलंय. लांब, बारीक, पातळ सालीची आणि चांगलीच तिखट. कोल्हापुरी चटणीचा झणका बराचसा हिच्यामुळे. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली. तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात डब्बी म्हणजे आखूड आणि फुगीर, कड्डी म्हणजे लांब आणि सडपातळ. दोन्हींची साल सुरकुतलेली, रंग गडद, तिखटपणा बेताचा. शिवाय लवंगी असते, छोटी पण जहाल. आणि आता बऱ्याच परसात नर्सरीतून आणलेली संकरित रोपं दिसतात, जाड गराची, चकचकीत.

निवड इथूनच सुरू होते. जाड गराची मिरची घरी वाळत नाही. वरून सुकल्यासारखी दिसते आणि आतून काळी पडते. तिचा रंजकाही पाणचट होतो. ती हिरवी असतानाच खरड्यात किंवा भाजीत संपवावी. पातळ सालीची संकेश्वरी तिन्ही कामांना चालते. एकट्या ब्याडगीचा रंजका दिसतो सुरेख, पण ज्याला झणका हवा त्याचं समाधान होत नाही. दोन भाग संकेश्वरी आणि एक भाग ब्याडगी असं प्रमाण मला सगळ्यात पटतं. लहान मुलं खाणारी असतील तर ते उलटं करा.

खरडा: आजचा आज

खरड्याला तयारी लागत नाही. लोखंडी तव्यावर थोडं तेल, त्यात देठ काढलेल्या मिरच्या. मिरचीला उभी चीर द्या, नाहीतर ती फुटून तेल अंगावर उडतं. सालीवर पांढरट फोड आले आणि कुठे कुठे करपल्यासारखं झालं की लसूण घाला, मग शेंगदाणे, जाडं मीठ. गॅस बंद करून तव्यातच पितळी तांब्याच्या बुडानं रगडा. मिक्सरला लावलात तर त्याची गुळगुळीत चटणी होते. तव्यावर रगडताना तळाला चिकटलेला करपट भाग सुटून त्यात मिसळतो, आणि खरड्याची चव त्यातच असते.

परसात आणखी काही असेल तर खरडा अजून खुलतो. थंडीत पिकायला वेळ घेणारे हिरवे टोमॅटो असतातच. दोन टोमॅटोच्या फोडी मिरचीबरोबर तव्यावर टाका. आंबटपणा येतो आणि तिखटाची धार बोथट होते. निखाऱ्यावर भाजलेलं एखादं वांगं त्यात कुस्करलं तर तो तोंडी लावायचा पदार्थ राहतच नाही, भाकरीबरोबरची भाजीच होते. ओली कांद्याची पात आणि कोथिंबीर शेवटी, गॅस बंद केल्यावर.

खरड्याची अडचण एकच, तो टिकत नाही. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, त्यापुढे नको. वरून तेल ओतून बाहेर ठेवला की टिकतो असा समज आहे, तो धोक्याचा आहे. लसूण मातीत वाढतो आणि त्याच्याबरोबर बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूचे सुप्त बीजाणू येऊ शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही, खरड्यात आंबटपणा कमी, मीठ बेताचं. या जिवाणूला नेमकं हेच मानवतं. वास किंवा रंग बदलल्याशिवायही विष तयार होऊ शकतं. म्हणून खरडा थोडा करा आणि लगेच संपवा.

रंजका: परसाला सगळ्यात साजेसा

रंजका म्हणजे पिकलेल्या ओल्या लाल मिरचीचा मीठ-लिंबातला ठेचा. कानडी घरांतून यालाच केंपू चटणी म्हणतात. ज्वारीची भाकरी, वर रंजका, त्यात खळगा करून कच्चं तेल आणि शेजारी घट्ट दही. थंडीतल्या न्याहारीला याहून जास्त काही लागत नाही.

लहान परसाला हा का जमतो? एका तोड्यात अर्धा किलो लाल मिरची निघाली तरी तेवढ्याचा रंजका घालता येतो. आठ-दहा दिवसांनी पुढचा तोडा निघाला की दुसरी बरणी. साठवून, जमवून ठेवायची गरज नाही. वाळवणाचं तसं नाही, ते मी पुढे सांगते.

करताना सगळं लक्ष पाण्यावर ठेवा. मिरच्या देठासकट धुवायच्या, आधी देठ काढलं तर आत पाणी शिरतं. धुऊन सुती कापडावर पसरायच्या, एकेक पुसायची आणि रात्रभर पंख्याखाली ठेवायच्या. सकाळी देठ काढताना प्रत्येक मिरचीच्या देठाजवळ नीट बघा. तिथे करडा-काळा डाग किंवा मऊपणा असेल तर ती मिरची चिरून आत डोकवा. बाहेरून लालभडक आणि आत बियांवर बुरशीची जाळी, असं सर्रास निघतं. अशी एक मिरची सगळी बरणी घालवते, तेव्हा इथे कंजुषी करू नका.

किलोभर मिरचीला 150 ते 200 ग्रॅम मीठ, 8-10 रसदार लिंबं, दोन गड्डे लसूण, तेलात भाजून कुटलेली दोन चमचे मेथी आणि हिंग. मिरची, मीठ आणि लसूण पाण्याचा थेंब न घालता जाडसर वाटायचं. बिया दिसल्या पाहिजेत. मग लिंबाचा रस आणि मेथी-हिंग कालवून काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या बरणीत भरायचं. बरणी तीन-चतुर्थांशच भरा. पहिले काही दिवस रंजका थोडा फुगतो, वर बुडबुडे येतात, वास आंबूस होतो. मिठाला तोंड देणारे चांगले जिवाणू मिरचीतल्या साखरेचं आम्ल करतात, त्याची ही खूण. रोज कोरड्या लाकडी चमच्यानं ढवळा आणि झाकण सैल ठेवा. आठवड्याभरात तो शांत होतो, तिखटपणाची पहिली धार जाते आणि चव एकजीव होते.

रंजका टिकतो तो मीठ आणि आंबटपणा या दोघांच्या जोरावर. पीएच हे आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट. पीएच 4.6 च्या खाली असला की वर सांगितलेला बोटुलिझमचा जिवाणू वाढू शकत नाही, आणि भरपूर लिंबू असलेला रंजका सहसा त्याच्या खालीच असतो. म्हणून लिंबू कमी करू नका. तरी माझा आग्रह असा की आंबायचं थांबलं की बरणी फ्रिजमध्येच जाऊ द्या. तिथे तो पुढच्या हंगामापर्यंत चांगला राहतो. वर पांढरी, हिरवी किंवा काळी लव दिसली तर वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळं टाका.

उणी बाजू मिठाची. चहाच्या चमचाभर रंजक्यात पाऊण ग्रॅमच्या आसपास मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते. घरात रक्तदाबाचं औषध चालू असलेलं कोणी असेल तर हा हिशेब महत्त्वाचा आहे. त्यांच्यासाठी कमी मिठाचा रंजका करायला जाऊ नका, तो नासेल. त्यांना कमी मिठाचा ताजा खरडा द्या, दह्यात कालवून.

वर्षाची चटणी: हौस मोठी, हिशेब वेगळा

साधारण चार किलो ओल्या लाल मिरचीची वाळून एक किलो होते. चार-पाच माणसांच्या घराला वर्षाच्या चटणीसाठी चार-पाच किलो वाळली मिरची धरली, तर परसातून सोळा ते वीस किलो पिकलेली मिरची निघायला हवी. तीही एकदम नाही, तोड्या-तोड्यानं. म्हणजे पहिल्या तोड्याची वाळलेली मिरची शेवटच्या तोड्यापर्यंत सांभाळून ठेवायची. मध्ये एखादा ढगाळ आठवडा आला की ती ओल धरते.

हीच ओल सगळ्यात वाईट. नीट न वाळलेल्या मिरचीवर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्या-कुटल्यानं पूर्ण जात नाही. मिरची मुठीत दाबल्यावर कडकड वाजली पाहिजे, हलवल्यावर बिया खुळखुळल्या पाहिजेत. नुसती चिवट झाली म्हणजे वाळली असं नाही.

म्हणून वर्षाच्या चटणीला मिरची विकत घ्यावी असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये संकेश्वरी आणि ब्याडगी दोन्ही बाजारात येतात. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी, आणि कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला घरून भाजून न्यायचा आणि डंकावर कुटून आणायचं. परसातली पाव-अर्धा किलो वाळलेली मिरची असेल तर ती त्यात जरूर घाला.

चटणीची एक बाजू मात्र बाकी दोघांना येत नाही. ती प्रवासाला चालते. पुण्याला किंवा बेंगळुरूला शिकायला गेलेल्या मुलाच्या पिशवीत रंजक्याची बरणी दिली तर तेल-लिंबू झिरपून कपड्यांवर जातं. चटणी डब्यात वर्षभर राहते आणि तिच्यावर रोजची आमटीही होते.

खानापूर आणि गोकाक एक नव्हे

तुम्ही जिल्ह्याच्या कोणत्या अंगाला राहता यावरही बरंच अवलंबून आहे. खानापूर घाटाला लागून आहे, पाऊस धो धो आणि ऑक्टोबरपर्यंत हवेत दमटपणा. तिथे आगाप लावलेली मिरची पिकता पिकताच फळकुजीला बळी पडते. लालवर गोल खोलगट डाग पडतात आणि मिरची देठापासून गळते. अशा ठिकाणी पावसाळ्यात येईल ती हिरवीच तोडून खरडा करावा, आणि नोव्हेंबरनंतर पिकेल तिचा रंजका. बेळगाव शहर, निपाणी, संकेश्वर या मधल्या पट्ट्यात थंडी कोरडी असते, तिथे रंजका निर्धास्त घाला. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गाकडे पाऊस बराच कमी आणि ऊन कडक. तिथे कोणाच्या परसात पन्नासेक जवारी झाडं असतील तर वाळवण करायला माझी हरकत नाही. तिथली मिरची कमी उन्हांत खुळखुळ वाजते.

झाडाची पानं वर किंवा खाली गुंडाळली जात असतील, तर तो चुरडा-मुरडा रोग. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. अशा झाडाची फळं लहान आणि वाकडी राहतात, लाल व्हायची वाट बघू नका. हिरवी काढून घ्या आणि झाड उपटा, म्हणजे शेजारची वाचतील.

कोणतंही करा, हाताला आधी गोडं तेल चोळा किंवा हातमोजे घाला. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बियांपेक्षा बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत जास्त असतं आणि ते पाण्यात विरघळत नाही, तेला-दुधात विरघळतं. हात चुरचुरले तर नुसत्या पाण्याखाली धरू नका. तेल चोळा, मग साबण लावा. तोंडाला झोंबलं तर ताक किंवा दूध घ्या.

बियाण्याचा विचार मात्र तोडा काढण्याआधीच करा. सगळ्यात निरोगी झाडावरच्या, सुरुवातीच्या बहरातल्या चार-सहा मिरच्या पूर्ण लाल होऊन सुरकुतेपर्यंत झाडावरच ठेवा आणि त्यांना दोरा बांधा, म्हणजे घरातलं कोणी चुकून तोडणार नाही. संकेश्वरीशेजारी ढोबळी किंवा संकरित मिरची लावली असेल तर किडे-माश्या पराग इकडचे तिकडे करतात आणि पुढच्या वर्षीची रोपं भेसळीची निघतात. तेव्हा बियाण्याच्या फांदीला फुलं उमलायच्या आधी मलमलीची पिशवी बांधा, रोज हलकेच हलवा, आणि फळं धरली की पिशवी काढा.