योस्ट आइस अरीना, ॲन आर्बर: सामना बघण्याआधी नऊ विजेतेपदांचा हिशोब

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचा पुरुष आइस हॉकी संघ बघायचा तर योस्टमध्येच. ॲन आर्बरला शिकायला किंवा डेट्रॉइटकडे नोकरीला आलेल्या मंडळींनी एनएचएलच्या (व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या) महागड्या तिकिटाच्या नादी लागण्याआधी इथली एक संध्याकाळ काढावी. विटांची ही इमारत १९२३ ची. ती बांधली मैदानी खेळांसाठी आणि बास्केटबॉलसाठी, बर्फ आला १९७३ मध्ये. जागा जेमतेम ५,८००, प्रेक्षक रिंकला (बर्फाच्या मैदानाला) खेटून बसलेले, त्यामुळे गोंगाट कानठळ्या बसवणारा. लहान मुलं सोबत असतील तर विद्यार्थ्यांच्या गॅलरीपासून लांब बसा, तिथल्या घोषणा घरी ऐकवण्याजोग्या नसतात.

महाविद्यालयीन हॉकीची नऊ राष्ट्रीय विजेतेपदं ही इथली मोठी मिरासदारी. पण ती सगळी एकाच मापाची नाहीत. प्रशिक्षक व्हिक हेलिगर यांच्या संघाने १९४८ ते १९५६ या काळात सहा जिंकली, ॲल रेनफ्रू यांनी १९६४ चं सातवं. तेव्हा स्पर्धेत फक्त चार संघ असत, म्हणजे दोन सामने जिंकले की चषक हातात. रेड बेरेन्सन यांच्या १९९८ च्या संघाला चार सामने जिंकावे लागले (पहिले दोन याच योस्टमध्ये), आणि बॉस्टन कॉलेजविरुद्धचा अंतिम सामना ३-२ असा जादा वेळेत निघाला. आमच्या मते बेरेन्सन यांची १९९६ आणि १९९८ ची दोन विजेतेपदं आधीच्या सातांपेक्षा जड आहेत.

त्यानंतरची २५ हून जास्त वर्षं कोरडी गेली, तीही गुणवान खेळाडू असताना. २०२१-२२ च्या संघात एनएचएल संघांनी वार्षिक खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत निवडलेले सात जण होते, तरी उपांत्य सामन्यात डेन्व्हर विद्यापीठाने जादा वेळेत गाठलं. कारण साधं आहे: आता १६ संघ, एक हार म्हणजे घरी, आणि उत्तम पोरं एक-दोन वर्षांत व्यावसायिक संघांकडे निघून जातात. डेन्व्हरने २०२४ मध्ये दहावं विजेतेपद घेऊन मिशिगनला मागे टाकलं, हे इथे फार मोठ्याने बोलू नये.

जागा निवडताना काचेलगतच्या ओळीचा मोह टाळा. आपल्याच बाजूच्या कठड्याखाली गेलेला पक (खेळायची रबरी चकती) तिथून दिसत नाही, आणि पलीकडची चाल सपाट दिसते. सात-आठ ओळी वर बसावं. गोलच्या मागे जाळी आडवी येते, पण नजर दोन मिनिटांत सरावते, आणि ‘मिशिगन’ नावाचा डाव बघायचा तर तीच जागा. मार्च १९९६ मध्ये माइक लेगने मिनेसोटाविरुद्ध गोलच्या मागे उभं राहून पक स्टिकच्या पात्यावर उचलला आणि गोलरक्षकाच्या खांद्यावरून वरच्या कोपऱ्यात ठेवला. आज जगभर या डावाला विद्यापीठाचंच नाव आहे.

सत्रं तीन, प्रत्येकी २० मिनिटांची. चहा-कॉफीसाठी उठायचं तर पहिल्या सत्राचं शेवटचं मिनिट बाकी असतानाच उठा, नाहीतर १५ मिनिटांचं मध्यंतर रांगेतच जाईल. दुसरं सत्र मात्र अजिबात चुकवू नये. बाजू बदलल्यामुळे बदली खेळाडूंचा बाक आपल्या गोलपासून लांब पडतो, दमलेल्या बचावपटूंना बाहेर येता येत नाही आणि गोल पडतात. मारामारी बघायला येणाऱ्यांची निराशा होईल. महाविद्यालयीन हॉकीत ठोसे मारले की त्या सामन्यातून बाहेर आणि पुढच्यालाही बंदी. चेहऱ्यावर पूर्ण जाळी किंवा काच असल्याने खेळाडू नंबरावरूनच ओळखावे लागतात.

एक गोष्ट खटकते. ज्या फील्डिंग योस्टचं नाव इमारतीला आहे, तो विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख होता, आणि त्याच्या कारभारात १९३४ मध्ये जॉर्जिया टेकच्या अटीपुढे मान तुकवून विलिस वॉर्ड या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूला बाहेर बसवलं गेलं. विद्यापीठाच्याच समितीने २०२१ मध्ये हे नाव काढायची शिफारस केली होती.

सामने बहुधा शुक्रवार-शनिवारी, त्याच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ. एकच तिकीट घेणार असाल तर शनिवारचं घ्या, आदल्या रात्रीचा राग त्यात उतरलेला असतो. मिशिगन स्टेट (राज्यातलंच प्रतिस्पर्धी विद्यापीठ) आलं असेल तर तिकीट आधीच काढून ठेवा. आणि जाड जॅकेट न्या, बर्फाशेजारी अडीच तास नुसत्या स्वेटरवर निघत नाहीत.