दोन्ही उजवे निघाले

माझी गाडी 2012 ची शेवरोले बीट, पेट्रोल. कंपनीने 2017 च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं बंद केलं, तेव्हा सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील असं सांगितलं होतं. काही वर्षं मिळालेही. गंमत अशी की आमच्या चिंचवडपासून जवळच, तळेगावच्या कारखान्यात, हीच बीट 2020 पर्यंत बनत होती. पण ती परदेशात, मुख्यतः मेक्सिकोला जायची. आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. म्हणजे गाडी जिथे जन्मली तिथून मी हाकेच्या अंतरावर, आणि पार्ट शोधतोय मोबाइलवर.

गेल्या पावसाळ्यात खड्ड्यातून जाताना पुढून कट्-कट् आवाज यायला लागला. मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक हलवून दाखवलं. "काका, लोअर आर्म गेलेत दोन्ही बाजूचे. बुश फाटलेत आणि बॉल जॉइंटला प्ले आलाय. हायवेला नेऊ नका." लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा; एका टोकाला रबरी बुश, दुसऱ्याला बॉल जॉइंट, आणि प्ले म्हणजे ढिलेपणा. बॉल जॉइंट निसटला तर चाक जागच्या जागी आडवं पडतं, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. पार्ट तुम्ही आणा, मी बसवून देतो, असं ठरलं. त्यांच्या नेहमीच्या दुकानदाराकडे बीटचा माल नव्हता.

रात्री शोधायला बसलो. तासाभरात एक वेबसाइट सापडली. नीटनेटकी, गाडीचं मॉडेल आणि साल निवडायची सोय, पार्टचा फोटो निळसर फरशीवर ठेवून काढलेला, खाली लाल अक्षरांत "शेवटचे चार नग". एका आर्मला 3,350 रुपये. मेस्त्रींनी अंदाज दिला होता साडेतीन हजारांचा. सगळे म्हणतात की फार स्वस्त दिसलं की सावध व्हा. माझी फसगत नेमकी इथेच झाली, कारण भाव स्वस्त नव्हताच. तो बरोबर होता. लुबाडणाऱ्यालाही बाजारभाव माहीत असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर. "सर जी, एकदम जेन्युइन है, कंपनी का बचा हुआ स्टॉक." मी पार्ट नंबर विचारला, त्यांनी नंबर पाठवला. पार्टवर कोरलेल्या नंबरचा फोटो मात्र नाही, नुसता टाइप केलेला. कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाले, वजनदार माल आहे, कुरियरवाले घेत नाहीत. क्यूआर स्कॅन केल्यावर वर नाव आलं ते एका बाईचं. दुकानाचं नाव वेगळंच. माझा अंगठा क्षणभर थांबला होता, हे मला अजून स्पष्ट आठवतं. विचारलं तर म्हणाले, "मॅडम के नाम पे अकाउंट है, बिल फर्म का आएगा." गरजवंताला अक्कल नसते. कुरियर धरून 6,880 रुपये पाठवले.

नवव्या दिवशी खोकं आलं. बाहेर चकचकीत स्टिकर, पण त्यावर ना कोणी बनवलं त्याचं नाव, ना पत्ता, ना महिना-साल, ना एमआरपी. पाकीटबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण बिस्किटाच्या पुड्यावर ते बघतो आणि हजारोंच्या पार्टवर बघत नाही. गॅरेजमध्ये नेऊन खोकं फोडलं तर ऑइल पेंटचा ताजा वास. मेस्त्रींनी एक आर्म हातात घेतला, नखाने खरवडला. काळ्या रंगाखाली गंज, आणि गंजावर वायर ब्रशच्या ओरखड्यांच्या बारीक रेघा. बुशच्या रबरावरही रंग मारलेला. अंगठ्याने दाबल्याबरोबर रंगाला भेग गेली आणि खालची रबराची भेग दिसली. भंगारातल्या गाडीचा माल, घासूनपुसून. बॉल जॉइंट माझ्या जुन्यापेक्षा जास्त ढिला.

मग त्यांनी दोन्ही आर्म शेजारी शेजारी ठेवले आणि हसायलाच लागले. "काका, दोन्ही उजवे आहेत!"

खरी कथा पुढची आहे, कारण तक्रार केल्यावरही मी पुन्हा फसलो. "सॉरी सर, पॅकिंग में गलती हो गई," म्हणत वेबसाइटवाल्यांनी रिटर्न पिकअपसाठी 499 रुपये मागितले, रिफंडबरोबर परत मिळतील म्हणून. मी दिले. हो, दिले. सहा हजार वाचवायला पाचशे, असा हिशोब केला. पिकअपला कोणी आलं नाही. चार दिवसांनी रिफंडसाठी म्हणून क्यूआर आला. स्कॅन केला तर पडद्यावर 7,379 रुपये, अगदी माझीच रक्कम, पैशाचा हिशोब चोख. पण खाली बटणावर "पे" लिहिलेलं आणि पुढे पिन मागतोय. पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. तिथे एकदाचे डोळे उघडले. फोन केला तर नंबर ब्लॉक.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे पाठवून सोळा दिवस उलटले होते. या हेल्पलाइनचा उपयोग ताबडतोब केला तरच. समोरच्याच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत ती गोठवता येते. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "माल तर आलाय ना?" त्यांचंही चूक नाही म्हणा. माल न पाठवणाऱ्यापेक्षा भंगार पाठवणारा जास्त हुशार. त्याच्याकडे कुरियरची पोच असते, आणि प्रकरण फसवणुकीचं की ग्राहकाच्या नाराजीचं यातच आपण अडकतो.

1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही करून पाहिली. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण इथे कंपनी कुठे होती? ग्राहक आयोगात जायचं तरी नोटीस कोणत्या पत्त्यावर काढायची? तेव्हा बिल नीट बघितलं. पत्ता दिल्लीचा, काश्मीरी गेटचा. तिथे पार्टचा फार मोठा बाजार आहे, त्यामुळे पत्ता वाचून माझा विश्वासच बसला होता. जीएसटी नंबर मात्र 08 ने सुरू होणारा. पंधरा आकडी-अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात: दिल्लीचे 07, महाराष्ट्राचे 27, आणि 08 राजस्थानचे. जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला तर एका कापड दुकानाचं नाव आलं. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल की त्याच्या नंबरावर बीटचे आर्म विकले जातायत. ही तपासणी फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. पैसे देण्याआधी बिलाचा नमुना मागून मी ती केली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

शेवटी पार्ट मिळाले ते पुण्यात नाना पेठेत. मेस्त्रींनी सांगितलं, जुना आर्म काढून पिशवीत घालून न्या, नंबर-बिंबर सांगत बसू नका. तीन दुकानांत नकार, चौथ्यात काउंटरवरच्या पोराने जुना आर्म नव्याशेजारी ठेवला, भोकांमधलं अंतर पट्टीने मोजलं, डावा-उजवा वेगळा करून दिला. जेन्युइन, म्हणजे गाडीच्या कंपनीचा, नव्हे, पण ब्रँडेड. धातूवर बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं, पक्कं बिल, एक आर्म 2,600 ला. दुकानदारच म्हणाला, "बंद झालेल्या गाडीचा 'कंपनीचा उरलेला स्टॉक' कोणी म्हणालं ना, की आधी नग हातात मागायचा."

त्यानंतर ऑनलाइन मी काही घेतलंच नाही असं नाही. केबिन फिल्टर घेतला, वायपर घेतले, पण मोठ्या मार्केटप्लेसवरून, विक्रेत्याचं नाव-पत्ता उघडून वाचून आणि खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढून. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचं मात्र काही नाही. फोटो हवा असेल तर आता मी सांगतो की पार्टशेजारी कागदावर आजची तारीख लिहून ठेवा आणि कोरलेला नंबर दिसू द्या. खरा दुकानदार कुरकुरत का होईना पाठवतो. दुसरा "सर जी, ट्रस्ट कीजिए" म्हणतो.

ती वेबसाइट महिन्याभरात बंद झाली. परवा मित्राच्या फोर्ड फिगोसाठी शोधताना दुसऱ्याच नावाची एक साइट उघडली. तीच निळसर फरशी, डाव्या कोपऱ्यात तोच टवका उडालेला, आणि खाली लाल अक्षरांत शेवटचे चार नग.